विजय कोणाच्या नावावर लिहायचा?

१/ १ जानेवारी २०१८. इंदूरच्या होळकर मैदानावर विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून हरवले आणि रणजी करंडक प्रथमच विदर्भात आला. १९५७-५८ पासून हा संघ ही स्पर्धा खेळत होता; त्या साठ वर्षांत अंतिम फेरीसुद्धा त्याने पाहिली नव्हती. मग या विजयाचा इतिहास कोणाच्या नावावर लिहायचा? आजचा धागा त्या प्रश्नाविषयी आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी आहे एका प्रशिक्षकाची कारकीर्द : चंद्रकांत पंडित.

२/ फलंदाजाच्या धावा आणि गोलंदाजाचे बळी धावफलकावर राहतात. प्रशिक्षकाला त्या फलकावर जागाच नसते. म्हणून त्याच्याविषयी दोन टोकांचे लेखन होते. एक तर तो पूर्ण वगळला जातो, नाहीतर 'त्याचा हात लागला आणि सोने झाले' अशी दंतकथा तयार होते. इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही नाकारली पाहिजेत, असे माझे मत आहे. ते का, हे पुढे मांडतो.

३/ आधी थोडे बाहेर डोकावू. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये चढाईचा आणि बचावाचा असे दोन वेगळे चमू असतात, आणि चढाईची आखणी करणारा प्रशिक्षकही वेगळा असतो. त्या खेळाचे इतिहासकार प्रशिक्षकांची चक्क वंशावळ मांडतात : कोण कोणाच्या हाताखाली खेळला, कोणाकडून कोणती चाल शिकला आणि ती पुढे कोणाला दिली.

४/ त्या वंशावळीतील एक फांदी पाहा. शिकागो विद्यापीठात अमोस अलोन्झो स्टॅग यांनी चाळीस वर्षे प्रशिक्षण दिले. जेसी हार्पर हे त्यांचे खेळाडू. पुढे हार्पर नोत्र दाम विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. १ नोव्हेंबर १९१३ रोजी त्यांच्या संघाने चेंडू हवेतून पुढे फेकण्याच्या चालीचा सढळ वापर केला आणि बलाढ्य लष्करी अकादमीला ३५-१३ असे हरवले. ही चाल १९०६ पासून नियमात होती. तिचे शस्त्र करणारा मात्र शिकवावा लागला. त्या संघातील क्नूट रॉकनी हा खेळाडू नंतर त्याच विद्यापीठाचा विख्यात प्रशिक्षक झाला. स्टॅग, हार्पर, रॉकनी : तीन पिढ्या, एक सूत्र.

५/ आपल्याकडे घराणे आणि गुरुपरंपरा हे शब्द रोजच्या वापरातले आहेत. गवयाची तालीम कोणाकडे झाली, हे आपण आवर्जून विचारतो. मैदानावर मात्र हा प्रश्न सचिन तेंडुलकर आणि रमाकांत आचरेकर या एका जोडीपाशी येऊन थांबतो. आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. त्यांचे कर्तृत्व त्यांच्या धावांत शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही. ते शिष्यांत सापडते, आणि पंडित हे त्या शिष्यांपैकीच एक.

६/ पंडितांचा जन्म १९६१ चा, मुंबईचा. यष्टिरक्षक आणि फलंदाज. १९८६ मध्ये लीड्सला कसोटी पदार्पण. एकूण ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने. १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवरील उपांत्य सामन्यात ते संघात होते. तो सामना भारत इंग्लंडकडून हरला. प्रथम श्रेणीत आठ हजारांहून अधिक धावा. नोंद घ्यावी अशी, पण पहिल्या ओळीत मिरवावी अशी नव्हे.

७/ त्यांच्या चरित्रातील कळीचा प्रसंग पराभवाचा आहे. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात ते मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर पहिल्या डावात आघाडी त्यांच्याकडे होती. अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवर करंडक मिळतो. म्हणजे शेवटचा दिवस नुसता खेळून काढला असता तरी विजय त्यांचाच होता. संघ कोसळला आणि कर्नाटक ९६ धावांनी जिंकले.

८/ या नियमाकडे नीट पाहा, कारण पुढचे सारे प्रकरण त्याच्याभोवती फिरते. रणजीच्या बाद फेरीत दोन मार्ग असतात. पहिला सावध : पहिल्या डावात आघाडी घ्या आणि मग वेळ काढा. दुसरा चढाईचा : प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही डाव गुंडाळा आणि सामना निकाली काढा. दुसऱ्या मार्गावर धोका अधिक. तो स्वीकारायचा तर बळी घेणारे गोलंदाज लागतात, आणि असे गोलंदाज घडवावे लागतात.

९/ प्रशिक्षक म्हणून पंडितांनी २००२-०३ आणि २००३-०४ मध्ये मुंबईला करंडक मिळवून दिला. २०१५-१६ मध्ये पुन्हा. जानेवारी २०१७ मध्ये त्यांची मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली. मैदान होते इंदूरचे होळकर. त्यानंतर मुंबईचे पद गेले आणि ते विदर्भात आले. वर्षभराच्या आत त्याच मैदानावर ते पुन्हा अंतिम सामन्यासाठी उभे होते, या वेळी विदर्भाच्या तंबूत.

१०/ आता पुरावा पाहू. २०१७-१८ ची उपांत्यपूर्व फेरी : विदर्भाने केरळला ४१२ धावांनी हरवले. उपांत्य फेरी, कोलकाता : कर्नाटकला विजयासाठी १९८ हव्या होत्या, त्यांना १९२ वर रोखले; विजय ५ धावांनी. अंतिम फेरी : दिल्लीवर ९ गडी राखून विजय. पुढच्या वर्षी, २०१८-१९ मध्ये : उत्तराखंडवर डावाने, केरळवर डावाने, आणि जामठ्यातील अंतिम सामन्यात सौराष्ट्रावर ७८ धावांनी. बाद फेरीचे सहा सामने, सहाही निकाली. एकही करंडक आघाडीच्या आधाराने आलेला नाही.

११/ ही शैली एका माणसाच्या डोक्यातून उतरली, असे म्हणण्याचा मोह होतो. तिथेच थांबायला हवे. २०१७-१८ च्या त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीने हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातील ती इतिहासातली दुसरीच. हा मुलगा स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर. संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक होते सुब्रतो बॅनर्जी. पंडित आणि बॅनर्जी हे दोघेही १९९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरील भारतीय संघातले. चढाईचे हत्यार ज्याच्या भट्टीत तापले, त्याचे नाव आज किती जणांना आठवते?

१२/ आणखी मागे जा. अक्षय कर्णेवार हा यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याचा. दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा हा विरळा गोलंदाज. उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्या या मुलाला डाव्या हातानेही टाकून पाहायला सांगितले ते स्थानिक प्रशिक्षकाने. पुढे २०१९ च्या अंतिम सामन्यात पहिल्या डावात त्याने नाबाद ७३ धावा केल्या, तर आदित्य सरवटेने ११ बळी घेतले. मुंबईहून आलेल्या गुरूच्या हाती ही मुले पडली तेव्हा त्यांचा पाया घालून झाला होता.

१३/ म्हणून माझे पहिले म्हणणे असे : प्रशिक्षकाचे मोल ठरवताना त्याच्या आधी काय होते ते मोजा. कर्णधार फैज फजल, मुंबईहून आधीच आलेला अनुभवी वसीम जाफर, २००८ पासून कसोटी सामने भरवणारे नागपूर-वर्धा मार्गावरील जामठ्याचे मैदान, वयोगटांच्या संघांतून वर आलेली पोरे. दारूगोळा कोठारात होता. पंडितांनी तो केव्हा आणि कसा वापरायचा ते ठरवले. हे श्रेय मोठेच आहे. पण ते नेमके तेवढेच लिहिले पाहिजे.

१४/ दुसरे म्हणणे : नंतर काय उरले तेही मोजा. २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. २६ जून २०२२ रोजी त्या संघाने मुंबईला हरवून आपला पहिला रणजी करंडक जिंकला, तोही चिन्नास्वामीवर, जिथे २३ वर्षांपूर्वी कर्णधार पंडित हरले होते. वर्तमानपत्रांना ही कथा आवडली, आणि ती सुंदर आहेच. पण इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलका पुरावा नागपुरात घडत होता.

१५/ विदर्भ पंडितांशिवाय २०२३-२४ ची अंतिम फेरी खेळला आणि मुंबईकडून हरला. मार्च २०२५ मध्ये मात्र केरळविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर त्याने तिसऱ्यांदा करंडक उचलला. प्रशिक्षक होते उस्मान गनी, विदर्भाचेच माजी खेळाडू. कर्णधार अक्षय वाडकर, ज्याने २०१८ च्या अंतिम सामन्यात १३३ धावा केल्या होत्या. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम मोडला. गुरू गेला, विद्या राहिली. पंडितांच्या विदर्भातील कामाचे याहून चांगले प्रशस्तिपत्र मला सुचत नाही.

१६/ याउलट कोलकात्याचे उदाहरण घ्या. २०२४ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सने आयपीएल जिंकली. मुख्य प्रशिक्षक पंडित, मार्गदर्शक गौतम गंभीर, साहाय्यक प्रशिक्षक अभिषेक नायर, गोलंदाजी प्रशिक्षक भरत अरुण. जयजयकार मुख्यतः गंभीर यांचा झाला. पुढच्या वर्षी संघ आठव्या स्थानी राहिला आणि पंडितांनी पद सोडले. चार जणांच्या कामातला कोणाचा वाटा किती, हे आजही कोणी सांगू शकत नाही, कारण त्याची नोंद ठेवण्याची सवयच आपल्याला नाही.

१७/ आणि आता वर्धा. याच जिल्ह्यातून आलेल्या दर्शन नळकांडे या वेगवान गोलंदाजाने २० नोव्हेंबर २०२१ रोजी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध अखेरच्या षटकात सलग ४ चेंडूंत ४ बळी घेतले. विदर्भ तो सामना ४ धावांनी हरला, म्हणून हा पराक्रम फारसा कोणाच्या स्मरणात नाही. त्या चार चेंडूंची चित्रफीत कुठेही मिळेल. चेंडू धरायचा कसा, हे अशा मुलांना लहानपणी ज्यांनी शिकवले, त्यांचे चित्र मात्र कुठे मिळत नाही.

१८/ हा जिल्हा या विषयाला परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताने काम करत शिकण्याची योजना मांडली. तिथला शिक्षक पुस्तक वाचून दाखवणारा नव्हता. कृती करून दाखवणारा होता. मैदानावरचा प्रशिक्षक दुसरे काय करतो? शेजारच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून व्यायाम शिकवणारी माणसे घडवत आले आणि १९३६ मध्ये त्याच्या चमूने बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. शिकवणाऱ्याला मान देण्याची परंपरा या मातीत आहे. कमतरता आहे ती कागदावरच्या नोंदीची.

१९/ ही कमतरता वरवरची वाटते, पण तिचे परिणाम खोल आहेत. ज्याची नोंद नाही त्याला मानधन मागता येत नाही, त्याच्या पद्धतीवर चर्चा होत नाही, त्याची चूकही दाखवता येत नाही. मग शिस्तीच्या नावाखाली काय चालले आणि खरे शिक्षण कोणते, हा भेद पुसला जातो. कठोर प्रशिक्षक जिंकला की त्याची कठोरताच विजयाचे कारण ठरते. पंडितांच्या शिस्तीविषयी असेच बोलले जाते. माझ्या मते सहा निकाली सामन्यांचे उत्तर एका 'शिस्त' या शब्दात बसत नाही. त्यात निवड आहे, आखणी आहे आणि बळी घेण्यासाठी धावा मोजण्याची तयारी आहे.

२०/ तरुण मित्रांनो, किल्ल्यांचे शिलालेख वाचायला आपण उन्हातान्हात फिरतो. तेवढीच मेहनत आपल्या गावच्या मैदानासाठी करा. आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, देवळी : प्रत्येक ठिकाणी सकाळी सहाला शिट्टी वाजवणारे कोणीतरी असते. त्यांना विचारा : तुम्ही कोणाकडे शिकलात? काय शिकलात? कोणाला शिकवलेत? त्यांच्या संमतीने उत्तरे तारखेसह लिहून ठेवा, जुनी छायाचित्रे जपा, मागे नावे लिहा. दोन पिढ्यांनंतर विदर्भाच्या क्रिकेटचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती धावफलकाच्या जोडीला हे कागदही असले पाहिजेत.

२१/ मग १ जानेवारी २०१८ कोणाच्या नावावर? धावफलकावर गुरबाणी आणि वाडकर. त्याच्या वरच्या समासात पंडित आणि बॅनर्जी. आणि खालच्या समासात पांढरकवड्यापासून नागपूरपर्यंतची ती सगळी नावे, जी अजून कोणी विचारलेली नाहीत.