गुरूने उघडलेले दार



ज्याच्यापाशी विद्या आहे, त्याने ती कोणास द्यावी व कोणास नाकारावी? अमेरिकेतील गायिका कॅमिला विल्यम्स यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न वारंवार मनात येतो.

व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल या गावी १९१९ साली त्यांचा जन्म झाला. वडील मोटार हाकीत. आई लोकांचे कपडे धुई व स्वयंपाक करी. उपासनामंदिरात गाता गाता मुलीचा गळा तयार झाला. गावात गोऱ्या विद्यार्थिनींचे महाविद्यालय होते व तेथे रेमंड ऑब्री नावाचे वेल्श गृहस्थ गायन शिकवीत. वर्णभेदाच्या त्या काळी कृष्णवर्णीय मुलींना तेथे प्रवेश नव्हता. तेव्हा ऑब्रींनी अशा काही मुलींना एका खाजगी घरी धडे दिले. मोझार्टचे संगीत आणि पुच्चिनीची ‘मादाम बटरफ्लाय’ यांची ओळख बारा वर्षांच्या कॅमिलेला तेथेच झाली.

१९४१ साली पदवी घेऊन त्या गावातच तिसरीच्या मुलांना शिकवू लागल्या. पुढे फिलाडेल्फियात त्यांनी गायनाचा अभ्यास केला आणि थोर गायिका मॅरियन अँडरसन यांच्या नावाची शिष्यवृत्ती दोनदा मिळविली. सोप्रानो म्हणजे स्त्रीकंठाचा सर्वांत उंच पल्ला. ऑपेरा हे आपल्या संगीत नाटकाचे दूरचे भावंड. परंतु तेथे ध्वनिवर्धकावाचून, केवळ श्वासाच्या बळावर, भल्या मोठ्या वाद्यवृंदापलीकडे आवाज पोचवावा लागतो. १५ मे १९४६ रोजी न्यूयॉर्क सिटी ऑपेराच्या रंगमंचावर कॅमिलाबाई प्रथम उभ्या राहिल्या, त्या ‘मादाम बटरफ्लाय’ची नायिका म्हणूनच! अमेरिकेतील मोठ्या ऑपेरा-संस्थेने कृष्णवर्णीय स्त्रीशी नियमित करार केल्याचे हे पहिलेच उदाहरण होय. १९५४ साली त्या व्हिएन्नाच्या राजकीय ऑपेरा-संस्थेतही गायल्या.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे समान हक्कांसाठी विराट मेळावा भरला. राष्ट्रगीत मॅरियन अँडरसन म्हणावयाच्या होत्या. पण त्या वेळेवर पोचू शकल्या नाहीत. त्यांच्या जागी कॅमिलाबाई गायल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांचे सुप्रसिद्ध भाषण याच मेळाव्यातील.

१९७७ साली इंडियाना विद्यापीठाने त्यांना गायनाच्या प्राध्यापिका नेमले. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय व्यक्ती होत. १९९७ पर्यंत, वीस वर्षे, त्यांनी तेथे अध्यापन केले. मध्यंतरी १९८३ साली पेकिंगलाही जाऊन शिकविले. २०१२ च्या जानेवारीत, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ज्या मुलीस महाविद्यालयाची पायरी चढता आली नाही, तीच पुढे विद्यापीठात गुरुस्थानी बसली. ऑब्रींना महाविद्यालयाचा नियम बदलता आला नाही. त्यांनी शिकविण्याची जागा तेवढी बदलली. आपणांपैकी कोणी पेटी वाजवितो, कोणी गणित जाणतो, कोणी शिवणकाम. आपल्या दाराबाहेर शिकण्याच्या आशेने कोणी उभे तर नाही ना, एवढे आज पाहून यावे.