डॉलिशच्या यंत्रांना टाळ्या पुरे झाल्या

डॉलिशचा तो व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेला असेल. समुद्राने खालची भिंत खाऊन टाकलेली, रूळ स्लीपरांसकट हवेत लोंबकळताहेत, मग नारिंगी जॅकेटांतली माणसं, क्रेन, पोकलेन, काँक्रीटचे पंप, आणि शेवटी धडधडत जाणारी पहिली गाडी. खाली मजकूर ठरलेला: ‘इंग्लंडने दोन महिन्यांत करून दाखवलं, आपला मुंबई-गोवा हायवे २०११ पासून चालूच आहे.’ त्याखाली अंगठे, टाळ्या, आणि ‘आपल्याकडे हे कधी होणार’ असा एक उसासा. हिवाळ्यातलं पहिलं मोठं वादळ आलं की हा फॉरवर्ड पुन्हा जागा होतो.

मी एक्सेटरमध्ये पोस्टडॉक करतो आणि याच मार्गाने रोज ये-जा करतो. या फॉरवर्डवर माझा राग आहे. त्यातली माहिती बरीचशी खरी आहे. तुम्ही त्यातून जो निष्कर्ष काढता तो मात्र उलटा आहे, आणि तो उलटा निष्कर्ष इथल्या सरकारला फार सोयीचा आहे.

आधी ज्यांचं श्रेय त्यांना देऊ. ४ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री वादळाने डॉलिश स्टेशनजवळची सुमारे ८० मीटर भिंत फोडली. प्लिमथ आणि पूर्ण कॉर्नवॉलला उरलेल्या देशाशी जोडणारा रेल्वेमार्ग हा एवढाच, त्यामुळे तो तुटला म्हणजे सगळं तुटलं. दुरुस्तीला सुमारे ३०० माणसं लागली. समुद्र थोपवायला मालवाहू जहाजांवरचे कंटेनर दगडांनी भरून, एकमेकांना जोडून तात्पुरती भिंत उभी केली. १४ फेब्रुवारीच्या वादळाने तीही फोडली. पुन्हा बांधली. मार्चमध्ये टिनमथच्या बाजूला कडा सरकला, जवळजवळ २०,००० टन माती रुळांच्या डोक्यावर लटकत राहिली. (स्पेलिंगवर जाऊ नका, इथले लोक टिनमथच म्हणतात.) ती माती समुद्राचंच पाणी पंपाने चढवून, जोराच्या फवाऱ्याने खाली आणली, आणि जिथे नेहमीचं यंत्र उभं राहू शकत नाही अशा उतारावर कोळ्यासारख्या पायांची खोदयंत्रं चढवली. ४ एप्रिलला गाड्या सुरू झाल्या, पंतप्रधान कॅमेरन हजर झाले. खर्च साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास. भरती-ओहोटीचं वेळापत्रक सांभाळत, भर थंडीत, रात्रपाळ्या करून हे काम झालं. त्या माणसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

यंत्रं बघायची हौस तर आपल्याला आहेच. २०१९ मध्ये ‘जेसीबी की खुदाई’ने इंटरनेट भरून गेलं होतं, तेव्हा हसलो असलो तरी रस्त्यात खोदकाम दिसलं की थांबणाऱ्यांत आपण सगळेच. पोकलेन हा शब्द आपल्याकडे एका फ्रेंच कंपनीच्या नावावरून आला आणि इतका मुरला की कुठल्याही कंपनीचं खोदयंत्र आपल्यासाठी पोकलेनच. जेसीबी तर इथल्याच स्टॅफर्डशायरची. डॉलिशला २०२१ मध्ये नव्या भिंतीचा दुसरा टप्पा चालू असताना ‘वेव्हवॉकर’ नावाचं आठ पायांचं तराफ्यासारखं यंत्र आणलं होतं. पाय एकाआड एक उचलत ते समुद्रात अक्षरशः चालायचं आणि भरतीच्या पाण्यातही उभं राहून काम करायचं. ते बघायला माणसं यायची, मुलांना खांद्यावर घेऊन. मीही पाहिलंय त्याचं चित्रण, एकदा नव्हे. बघण्यासारखंच आहे ते.

पण बघण्यासारखं काय आहे आणि बघायला हवं काय, यात गल्लत झाली की राजकारण्याचं फावतं. यंत्र आलं म्हणजे काहीतरी आधीच मोडलेलं आहे. ते मोडू नये म्हणून कोणी काय केलं नाही, याचा व्हिडिओ निघत नाही.

डॉलिशची गोष्ट २०१४ ला सुरू होत नाही. ब्रुनेलने हा मार्ग १८४६ मध्ये समुद्राच्या अगदी काठाने, लाल ठिसूळ कड्यांच्या पायथ्याशी नेला. एका बाजूला भिंत आणि तिच्यावर आपटणाऱ्या लाटा, दुसऱ्या बाजूला घसरणारा कडा, मध्ये रूळ. (याच मार्गावर त्याने इंजिनाऐवजी नळातली हवा शोषून गाडी ओढायचा प्रयोगही केला. तो वर्षभरात गुंडाळावा लागला. मोठ्या माणसांच्या फसलेल्या कल्पनाही मोठ्या.) पहिल्या दिवसापासून समुद्र या भिंतीवर आपला हक्क सांगतो आहे. हे रेल्वेला ठाऊक नव्हतं असं नाही. १९३० च्या दशकात ग्रेट वेस्टर्न रेल्वेने डॉलिशला वळसा घालून आतून जाणाऱ्या मार्गाची आखणी केली आणि १९३६ मध्ये संसदेची मंजुरीही मिळवली. मग महायुद्ध आलं आणि ते काम गेलं ते गेलंच. त्यानंतरचं पाऊल तर उलट दिशेचं. डार्टमूरच्या उत्तरेने ओकहॅम्प्टन-टॅव्हिस्टॉकवरून प्लिमथला जाणारा एक दुसरा मार्ग होता. १९६८ मध्ये त्याचा मधला भाग परवडत नाही म्हणून बंद केला. रूळ उखडले. मेल्डनच्या सुंदर पुलावरून आज लोक सायकली चालवतात. पर्याय होता, तो हाताने मोडला, आणि सेहेचाळीस वर्षांनी भिंत फुटल्यावर दोन महिन्यांत ती जोडली म्हणून आपण टाळ्या वाजवतो आहोत. घरातली दुसरी विहीर बुजवायची आणि पहिली आटली की टँकर किती लवकर आला याचं कौतुक करायचं, असला हा प्रकार.

२०१४ नंतर काहीच झालं नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. सुमारे आठ कोटी पौंड खर्चून डॉलिशची भिंत नव्याने बांधली, आधीच्यापेक्षा अडीच मीटर उंच, लाट उलटी समुद्रात फेकणाऱ्या वळणदार माथ्याची. पहिला टप्पा २०२० मध्ये पुरा झाला, दुसरा २०२३ मध्ये. पार्सन्स बोगद्याच्या तोंडाशी दरडींपासून वाचवणारं छत १०९ मीटर वाढवलं. चांगली कामं आहेत ही. स्टेशनात उभं राहिलं की फरक कळतो. पूर्वी अंगावर येणारं पाणी आता बरंचसं भिंतीपलीकडे राहतं.

मग होलकम ते टिनमथ हा कड्यांचा पट्टा. खरा धोका इथे आहे. २०१४ मध्ये ती २०,००० टन माती सुटली होती ती याच पट्ट्यात. आधी बेत होता रूळच थोडे समुद्राकडे सरकवायचा. त्यात टिनमथचा किनारा गेला असता म्हणून गावकऱ्यांनी विरोध केला आणि तो बेत मागे घेतला गेला, ते ठीकच झालं. पण त्याच्या जागी कडा बांधून काढायचं जे काम यायचं होतं, तो पाचवा आणि शेवटचा टप्पा २०२५ मध्ये बाजूला ठेवण्यात आला. पैसे नाहीत, तूर्त कड्यावर लक्ष ठेवू. ही बातमी तुमच्या ग्रुपवर आली का? माझ्या एकाही ग्रुपवर आली नाही. न झालेल्या कामात क्रेन नसते, फॉरवर्ड करायचं काय?

२०१६ मध्ये याच मार्गाबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध झाला. समुद्राची पातळी वरच्या अंदाजाप्रमाणे वाढत गेली तर या शतकाच्या अखेरीस लाटांमुळे वाहतुकीत वर्षाला ८४ ते १२० दिवस अडथळा येऊ शकतो, असा त्याचा हिशोब आहे. वर्षातला चौथा हिस्सा, कदाचित तिसरा! तितक्या दिवसांसाठी तीनशे माणसं आणि आठ पायांचं यंत्र बोलावत बसणार का? आताच काही गाड्यांच्या छतांवरचे विजेचे भाग खाऱ्या पाण्याने बंद पडतात, म्हणून लाटा उंच असल्या की त्या गाड्या डॉलिशला येतच नाहीत. आपण फलाटावर, फळ्यावर ‘रद्द’, आणि बाहेर बस. त्या बसमध्ये माझ्याबरोबर रात्रपाळी करून आलेल्या केरळच्या नर्सबाई असतात, प्लिमथला केमोथेरपीला निघालेले आजोबा असतात. ज्यांना घरून काम करता येतं ते त्या दिवशी घरी राहतात. बसमध्ये असतात ते ज्यांना येत नाही ते.

आता त्या फॉरवर्डच्या दुसऱ्या ओळीकडे येऊ, कारण तुम्हाला खरी मजा तिच्यात वाटते. मुंबई-गोवा हायवेची बाजू मी घेणार नाही, त्या खड्ड्यांतून मीही कोकणात गेलो आहे. पण रेल्वेची तुलना हायवेशी कशाला? रेल्वेची रेल्वेशी करा. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी, जून २००४ मध्ये, महाडजवळच्या पुलावर दगडांनी मत्स्यगंधा घसरली, पुन्हा जीव गेले. ते डाग पुसणारे नाहीत. पण त्यानंतर जे झालं ते पाहा. डोंगर कापताना तयार झालेले उभे कडे मागे घेऊन उतार सौम्य केले, सुटे दगड काढले, जाळ्या ठोकल्या, वाळा लावला. होय, आपला कुलरमधला वाळा, त्याची मुळं माती धरून ठेवतात. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आलं. गाड्या मुद्दाम हळू धावतात आणि धो-धो पावसात पुढचं दिसेनासं झालं तर ताशी ४० किलोमीटरवर आणायच्या असा नियम आहे. स्टेशनांवर पर्जन्यमापक आहेत. आणि चोवीस तास गस्त. डोक्यावर इरलं म्हणा, रेनकोट म्हणा, हातात बॅटरी आणि झेंडी घेऊन माणूस रुळावरून चालत जातो आणि कड्याकडे बघतो.

त्या माणसाचा व्हिडिओ कोणी काढत नाही. त्याच्यामुळे न झालेल्या अपघाताचा काढता येतच नाही. ही व्यवस्था निर्दोष नाही. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दरड आली आणि मार्ग जवळजवळ एक दिवस बंद राहिला. पण तेव्हा कोणाचा जीव गेला नाही, आणि गणपतीला गावी जाताना ‘पावसाळी वेळापत्रकामुळे गाडी दीड तास जास्त घेते’ म्हणून कुरकुरणारे आपणच त्या दीड तासावर सुखरूप पोचतो. इंग्लंडकडून शिकण्यासारखं खूप आहे, मी काही इथे उगाच आलो नाही. मात्र या बाबतीत शिकवायचं झालं तर थोडं आपल्याकडूनही शिकवता येईल.

तुम्ही विचाराल, पैसा कुठून आणायचा? रास्त प्रश्न. २०१४ मध्येच नेटवर्क रेलने पर्यायांचा अभ्यास केला. ओकहॅम्प्टनचा जुना मार्ग पुन्हा जोडायचा अंदाज होता साडेसत्याऐंशी कोटी पौंड, आणि डोंगरातून नवा मार्ग काढायचा तर त्याहून बराच जास्त. मिळणाऱ्या फायद्याशी ताडून पाहता एकही पर्याय परवडत नव्हता. शिवाय ओकहॅम्प्टनवरून गाडी नेली तर न्यूटन ॲबट आणि टॉर्कीला काही मिळत नाही, हेही खरं. पण फायद्या-तोट्याचं हे गणित असं बेतलेलं असतं की पन्नास वर्षांनी वाचणाऱ्या गोष्टीची आजची किंमत चिल्लर निघते. या गणिताने पाहिलं तर गावच्या घराची कौलं मे महिन्यात कोणीच शाकारली नसती. म्हणून माझं म्हणणं माफक आहे. कड्यांचा पाचवा टप्पा आत्ता करा. ओकहॅम्प्टनपर्यंत २०२१ पासून गाडी पुन्हा धावते आहे आणि तिला प्रवासी मिळताहेत, तर तिथून टॅव्हिस्टॉकपर्यंतची जागा निदान राखून ठेवा, तिच्यावर घरं उठू देऊ नका. यात कोणी दिवाळखोर होत नाही.

आमच्या धंद्यातही हेच चालतं, म्हणून कदाचित मला हे जास्त झोंबतं. नवं यंत्र घ्यायला अनुदान मिळतं, त्याचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते. दोन वर्षांनी त्याच्या देखभालीचा करार संपला की तो कुठल्याच अर्जात बसत नाही. मग एखादा तंत्रज्ञ चिकटपट्टी आणि स्वतःच्या अकलेवर ते चालवत राहतो, तो निवृत्त होईपर्यंत. आम्ही पोस्टडॉक तर स्वतःच दोन-दोन वर्षांचे कंत्राटी, ठिगळांविषयी आम्हाला कोणी शिकवू नये.

शेवटी एक कामाची गोष्ट. आपल्यातल्या अनेकांना माहीतच नसतं की भारतीय पासपोर्ट असला तरी, कॉमनवेल्थ नागरिक म्हणून, इथे कायदेशीर राहणाऱ्याला संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. फक्त मतदार यादीत नाव घालावं लागतं, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम. डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये राहत असाल तर आजच करा. आणि आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला खासदार येतील, समई लावतील, गळ्यात शाल घालून फोटो देतील, तेव्हा रांगेत तुमचा नंबर आला की त्यांना एवढंच विचारा: होलकमच्या कड्याचं काम कोणत्या वर्षी सुरू होणार? उत्तरात ‘डॉलिशची नवी भिंत’ आली तर भिंत मागच्या वर्षांतली आहे, कडा पुढचा आहे असं सांगा आणि प्रश्न पुन्हा विचारा.