कंपवात : केवळ वार्धक्याचा शाप नव्हे

इंग्लंडमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली ‘थरथरत्या पक्षाघाता’वर निबंध लिहिला आणि पुढे त्या रोगाला त्यांचेच नाव मिळाले, एवढे वैद्यकाची पाठ्यपुस्तके सांगतात. हेच गृहस्थ ‘ओल्ड ह्यूबर्ट’ या टोपणनावाने राज्यकर्त्यांवर आसूड ओढणाऱ्या पुस्तिका लिहीत होते, सामान्य कारागिराला मताधिकार मिळावा म्हणून झटणाऱ्या लंडन करस्पाँडिंग सोसायटीचे सभासद होते आणि 1794 साली राजाच्या हत्येच्या कथित कटाच्या चौकशीत त्यांना प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे राहावे लागले होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. त्यांच्या नावाच्या रोगाविषयीही आज असेच अर्धवट सांगितले जाते.

रोग म्हातारपणाचा, काही अंशी आनुवंशिक. नियमित व्यायाम करा, डोक्याला मार लागू देऊ नका, असा उपदेश केला जातो. तो खोटा नाही. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झडत जातात, हालचाली मंदावतात, हातपाय कापतात, ताठरतात. वयाबरोबर हा धोका वाढतो आणि व्यायामाचा लाभ होतो, यात वाद नाही. हमखास प्रतिबंधाचा उपाय अद्याप कोणालाही सापडलेला नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2019 साली जगात 85 लाखांहून अधिक माणसे या रोगाने ग्रस्त होती आणि पंचवीस वर्षांत ही संख्या दुपटीने वाढली होती. माणसे अधिक जगू लागली हे त्याचे एक कारण आहेच. पण उरलेल्या कारणांची चौकशी सुरू झाली की ती थेट कारखान्याच्या आणि शेताच्या दाराशी येऊन थांबते, आणि तेथे उपदेशकांची वाणी अडखळते.

ग्लासगोत मँगनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांचे पाय लुळे पडतात, ते चालताना पुढे झुकतात, हे जॉन कूपर यांनी 1837 सालीच नोंदवले होते. हा आजार पार्किन्सनहून काहीसा निराळा असला, तरी कामाच्या जागचे विष मेंदूची तीच यंत्रणा बिघडवू शकते हे त्यातून दिसले. नागपूर, भंडारा, बालाघाटच्या खाणपट्ट्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आपल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यानेही मँगनीजची बाधा व्यावसायिक रोग म्हणून मान्य केली होती. पुढे 1982 साली कॅलिफोर्नियात भेसळयुक्त अंमली पदार्थ टोचून घेतलेले काही तरुण अल्पावधीतच पुतळ्यासारखे ताठरले. दोषी ठरलेल्या रसायनाचे मेंदूत जे रूपांतर होते, त्याची रेणुरचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती निघाली.

आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनातील शेतीकामाशी संबंधित लोकांच्या अभ्यासात पॅराक्वाट वापरणाऱ्यांत हा रोग सुमारे अडीच पट आढळला. ही पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. फवारणाऱ्या प्रत्येकाला रोग होतो असे कोणी म्हणत नाही, आणि उत्पादक कंपनी हा संबंध नाकारत आली आहे. मात्र 2021 साली याच दाव्यांतील काही खटले मिटवण्यासाठी सिंजेंटाने अमेरिकेत 18 कोटी 75 लाख डॉलर मोजले. युरोपीय न्यायालयाने पॅराक्वाटची मान्यता 2007 साली रद्द केली. त्यानंतरही इंग्लंडमधील हडर्सफील्डच्या कारखान्यातून ते इतर देशांत वर्षानुवर्षे जात राहिले. आपल्या मातीत जे नको, ते दुसऱ्याच्या मातीत चालते!

आपल्याकडे हे विष कोणाच्या अंगावर पडते? जो पाठीवर गळका पंप बांधून, अनवाणी, तोंडाला फडके गुंडाळून सऱ्यांतून चालतो त्या शेतमजुराच्या. डब्यावरची सूचना त्याच्या भाषेत नसते, असली तर बारीक अक्षरांत. आणि हातमोजे घालून जेठाच्या उन्हात फवारणी करून दाखवावी, असे आव्हान ती लिहिणाऱ्यांना द्यावेसे वाटते. या तणनाशकाने खुरपणीची मजुरी बुडवली ती प्रामुख्याने स्त्रियांची. म्हणजे एका हाताने रोजगार गेला आणि दुसऱ्या हाताला कंप मिळण्याची भीती आली. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. ती विषे निराळी होती, मृत्यू तत्काळ होते, म्हणून निदान दिसले तरी. वीस वर्षांनी कापू लागणारा हात कोणत्या हंगामाच्या नोंदवहीत लिहिला जाणार?

फ्रान्सने 2012 साली कीटकनाशकांशी संपर्क आलेल्या शेतीकामगारांचा पार्किन्सन व्यावसायिक रोग म्हणून मान्य केला. आपल्याकडे कासरगोडच्या एंडोसल्फानपीडितांच्या दीर्घ लढ्याच्या पार्श्वभूमीवर केरळने 2011 साली पॅराक्वाटसह अनेक औषधांवर बंदी घातली. परंतु 1968 च्या कायद्याने नोंदणीची किल्ली केंद्राच्या हाती ठेवली, आणि एका राज्याची बंदी सीमेपलीकडच्या दुकानाला लागू होत नाही. म्हणून मागणी केंद्राकडेच केली पाहिजे : पॅराक्वाटची नोंदणी रद्द करा, फवारणी करणाऱ्या मजुरांची आरोग्यनोंद जिल्हा रुग्णालयांत ठेवा, ती पुढील वीस-पंचवीस वर्षे चालू ठेवा, फवारणीनंतर आलेला कंपवात भरपाईयोग्य रोगांच्या यादीत घाला. किसान सभेने आणि शेतमजूर युनियनने येत्या खरिपापूर्वी तालुकावार फवारणीकारांची यादी करण्यास हात घालावा.