मदत करा, पण मूल उघडे पाडू नका



रमजान जवळ आला की आम्हा शिक्षकांकडे एक विचारणा हमखास येते. "सर, वर्गात एखादा यतीम असेल तर नाव सांगा, जकात काढायची आहे." विचारणाऱ्याची नियत चांगली असते. तरीही हल्ली आम्ही चटकन नाव सांगत नाही. त्याचे कारण आज लिहितो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. महिन्यातून एक दिवस तो न चुकता गैरहजर राहायचा. दोनदा आम्ही रागावलो. तिसऱ्यांदा दादीला घेऊन ये म्हटले. दादी मधल्या सुट्टीत आली आणि मुले बाहेर जाईपर्यंत दारातच उभी राहिली. मग हळू आवाजात तिने सांगितले. मुलगा गेला, त्याच्या मागोमाग सून गेली आणि या पोराला जन्मापासून एचआयव्ही आहे. तो एक दिवस जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणण्याचा.

आम्हाला फार वाईट वाटले. रमजान सुरू होता. मोहल्ल्यातील चार ओळखीच्या माणसांना सांगितले आणि बऱ्यापैकी रक्कम जमली. पण पैशांबरोबर गोष्टही फिरली. ईदपर्यंत ती घरोघरी पोहोचली. दोन आयांनी आपल्या मुलांचे बाक बदलून मागितले. दादीने पाठवलेला शीरखुर्मा दोन घरांतून तसाच परत आला. ईदनंतर दादी भेटली तेव्हा एवढेच म्हणाली, "सर, पैसे तर दोन महिन्यांत संपतील. पण आता याच्या हातचे पाणी कुणी पीत नाही, त्याचे काय करू?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही नेकी करायला निघालो आणि एका यतीमाची अमानत बाजारात मांडून आलो.

सूरह अल्-बकरामध्ये अल्लाहने बजावले आहे की उपकार बोलून दाखवल्याने आणि मन दुखावल्याने सदका वाया जातो. त्याच सूरहमध्ये गुपचूप गरजूच्या हाती दिलेले दान अधिक चांगले म्हटले आहे. हे आम्ही वर्गात कितीदा शिकवले होते! आपले प्रेषित (स.) स्वतः यतीम होते. जन्माआधी वडील, सहाव्या वर्षी आई आणि आठव्या वर्षी आजोबा गेले. मग चुलते अबू तालिब यांनी त्यांना सांभाळले, ते आपल्या घरात, आपल्या ताटावर. कफालत म्हणतात ती हीच.

आता थोडे आजाराविषयी. एकत्र जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, एका बाकावर बसल्याने, एकच संडास वापरल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही होत नाही. या मुलांना तो बहुधा आईकडून, गर्भात, बाळंतपणात किंवा दुधातून आलेला असतो. गरोदर आईला वेळेवर औषध मिळाले तर तोही धोका अगदी कमी होतो. आपल्या देशात एप्रिल 2004 पासून सरकारी एआरटी केंद्रांवर औषधे मोफत मिळतात. रोज, न चुकता गोळी घेणारे मूल शाळा शिकते, नोकरी करते आणि पुढे संसारही करते.

औषध मोफत आहे, मग पैसा लागतो कुठे? हा प्रश्न आम्ही दादीलाच विचारला. तिने बोटांवर मोजून दाखवले. दोघांचे एसटीचे भाडे, तिची बुडालेली एक दिवसाची मजुरी, अंडी, दूध, मध्येच ताप आला तर त्याचा खर्च. रक्कम मोठी नव्हती, पण ती दर महिन्याला लागत होती. रमजानात एकदा आलेले जाड पाकीट तिथे पुरे पडत नाही. मोहरममध्येही भाडे लागते आणि रजबमध्येही. एका महिन्याला भाडे नसले तर गोळ्या चुकतात आणि गोळ्या चुकत गेल्या की औषधाचा असर जातो.

म्हणून पुढे दोनच घरांनी मिळून ती महिन्याची रक्कम उचलली. तिसऱ्या कुणाला सांगितले नाही. आम्ही दुसरे काम अंगावर घेतले. एक पालक व दोन्ही पालक नसलेल्या मुलांसाठी, त्यात एचआयव्ही असलेलीही आली, राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. आता तिच्यातून महिन्याला 2250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा असतो. दादीला अक्षर येत नव्हते. दाखले गोळा करून फॉर्म भरून देणे हाही सदकाच आहे, आणि तो ज्याच्या खिशात पैसा नाही त्यालाही करता येतो.

शाळेत आम्ही एआरटी केंद्रातील समुपदेशकांना बोलावले आणि कुणाचेही नाव न घेता पालकांची सभा घेतली. बाक बदलून मागणाऱ्या दोघींपैकी एक आली. तिचा मुलगा दुसऱ्या दिवशी जुन्या जागी बसला. दुसरी आली नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने शाळेत भेदभाव करायला आणि कुणाचा आजार त्याच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई केली आहे. 2018 पासून तो लागू आहे. त्या कसोटीवर सर्वांत आधी आम्हीच चुकलो होतो.

जकातीबद्दल वाचक विचारतात. मूल यतीम आहे एवढ्यावरून ते जकातीचे हकदार ठरत नाही. सूरह अत्-तौबामधील आठ हकदारांत गरीब आणि मोहताज येतात, त्यात ते बसले पाहिजे. संस्थेला द्यायचे असेल तर नगरचे स्नेहालय, पंढरपूरची पालवी, लातूर जिल्ह्यातील हासेगावचे सेवालय अशा संस्था आपल्या राज्यात या मुलांना सांभाळतात. तिथे सर्व धर्मांची मुले असतात आणि इमारत, पगार असेही खर्च असतात. अशा ठिकाणी नफ्ल सदका बेशक द्यावा. जकात द्यायची असेल तर आधी आपल्या आलिमांना विचारावे. हनफी आणि कोकणातील शाफई घरांना बारकावे वेगळे सांगितले जाऊ शकतात. संस्था कोणतीही असो, बालन्याय कायद्याखाली तिची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

आणि एक विनंती. मुलाचा फोटो मागू नका. मदत देताना त्याला शेजारी उभे करून फोटो काढू नका. ते मूल उद्या मोठे होईल, नोकरी मागायला जाईल, त्याच्या निकाहाची बोलणी होतील. आपल्या मोबाईलमधला फोटो तेव्हाही फिरत असेल.

तो मुलगा आता कुठे आहे, काय करतो, हे आम्ही लिहिणार नाही. बरा आहे, अल्हम्दुलिल्लाह. येत्या ईदला तुमच्या मोहल्ल्यातील अशा एखाद्या घरातून शीरखुर्म्याचा वाडगा आला तर तो परत पाठवू नका. दारातच दोन घोट प्या आणि मुलाला आत बोलवा. महिन्याच्या भाड्याचे त्यानंतर, दादीशी एकांतात बोला.