स्वभावाचे खापर रक्तावर नको

गव्हर्नर जॉन माल्कम यांनी 1830 साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला आणि पनवेलचे बंदर घाटमाथ्याला बैलगाडीने जोडले गेले. गाडीची चाके बनवणे हा पनवेलचा मुख्य धंदा असल्याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरात आहे. माल घेऊन उतरलेला घाटावरचा गाडीवान परतताना चाकांची जोडी घेऊन जाई. हा सारा व्यापार बैलाच्या खांद्यावर उभा होता आणि तो बैल माणसाने संप्रेरकात हात घालून घडवलेला होता. संप्रेरक हे नाव तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, एवढेच.

वळू कळपात दुसऱ्या नराला उभे राहू देत नाही. तो डुरकतो, खुराने माती उकरतो, शिंगे भिडवतो. तोच खोंड बडवला की दुसऱ्या बैलाशेजारी एका जुवाखाली चालतो. वृषण निकामी झाले की टेस्टोस्टेरॉन आटते आणि रग उतरते. पण जाणता शेतकरी तेवढ्यावर थांबत नसे. मान आणि वशिंड भरेपर्यंत तो खोंडाला बडवत नसे. त्यानंतर वेसण, जुवाची सवय, मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपणे, अशी शिकवणी चाले. रग शरीराने सोडली तरी वळण माणसालाच लावावे लागे.

विज्ञानाला यातला पहिला अर्धा भाग आधी उमगला. 1849 साली जर्मनीत गटिंगन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढलेले कोंबडे आरवेनात, भांडेनात, त्यांचे तुरे खुरटले. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, ते मात्र नेहमीसारखे आरवू आणि झुंजू लागले. जुने मज्जातंतू तुटलेले असूनही हे घडले, म्हणजे संदेश रक्तातून जात असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. 1905 मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांना हार्मोन, म्हणजे संप्रेरक, म्हटले आणि 1935 मध्ये टेस्टोस्टेरॉन शुद्ध रूपात हाती आले. तेव्हापासून पुरुषाचा राग, हाव, आक्रमकता या साऱ्यांची किल्ली त्या एका रेणूत असल्याची समजूत घट्ट झाली.

पुढच्या संशोधनाने मात्र उलटी वाटही दाखवली. जॉन विंगफील्ड आणि सहकाऱ्यांनी 1990 साली पक्ष्यांच्या अभ्यासातून मांडले की हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला की नराचे टेस्टोस्टेरॉन उसळते आणि पिल्लांचे संगोपन सुरू झाले की उतरते. म्हणजे भोवतालचा समाजही रक्तावर हुकूम चालवतो. 2011 साली फिलिपाईन्समधील 624 तरुणांच्या अभ्यासात हेच माणसात दिसले. बाप झालेल्यांचे टेस्टोस्टेरॉन लक्षणीय घटले आणि बाळाच्या देखभालीत रोज तीन तास वा अधिक घालवणाऱ्यांत ते सर्वात कमी आढळले.

म्हणूनच ‘पुरुष असतातच असे’ हे वाक्य विज्ञानाच्या नावाने खपवणे थांबले पाहिजे. टेस्टोस्टेरॉनची पातळी आणि हिंसा यांचा माणसातला संबंध दुबळा आहे. बायकोवर हात उगारणाऱ्याला टेस्टोस्टेरॉन बचाव पुरवत नाही. संप्रेरक कल देते, पण त्या कलाला काय शिकवायचे हे घर, शाळा आणि कायदा ठरवतात.

बापाला बाळाच्या देखभालीसाठी वेळ देण्यात आपला कायदा तोकडा पडतो. 2017 च्या दुरुस्तीने आईला 26 आठवड्यांची प्रसूती रजा मिळाली. केंद्र सरकारी कर्मचारी असलेल्या बापाला 15 दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला मात्र अशी रजा देणारा देशव्यापी कायदा नाही. पनवेलजवळच्या खारघर-कामोठ्यातल्या ज्या घरांत आजी-आजोबा गावी आणि आई-बाबा दोघेही लोकलच्या गर्दीत, तिथे या उणिवेचा सारा भार आईवर पडतो, आणि बापाची बाळाच्या सोबतीत घडण होण्याचे पहिले आठवडे ऑफिसात जातात.

बैल घडवणाऱ्या शेतकऱ्याने जनावराच्या बाबतीत जे ओळखले होते, ते आपण माणसाच्या बाबतीत मान्य करायला हवे: स्वभाव जन्माने पुरा होत नाही, तो सोबतीत घडतो. बापाला भरपगारी रजेचा हक्क देणे आणि मुलग्यांना लहानपणापासून धाकट्या भावंडांची देखभाल शिकवणे, ही त्या घडणीची सुरुवात आहे. ती करण्याची जबाबदारी कोणत्याही ग्रंथीची नाही, ती आपली आहे.