राखीव माणसाची विद्या

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकची, म्हणजे पास टाकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूची, जागा एकच असते आणि पहिला माणूस जखमी झाल्याशिवाय दुसऱ्याला ती सहसा मिळत नाही. फ्रँक राइकने कारकिर्दीचा मोठा भाग बफेलो बिल्स संघात जिम केलीच्या मागे राखीव म्हणूनच काढला.

३ जानेवारी १९९३ला केली जखमी होता, म्हणून ह्यूस्टनविरुद्ध बाद फेरीत राइक उतरला. मध्यंतराला बफेलो ३-२८ असं मागे. खेळ पुन्हा सुरू होतो न होतो तोच राइकचा पास ह्यूस्टनच्या बचावपटूने मधल्यामध्ये पकडला आणि धावत जाऊन टचडाउन केला. ३-३५! इथे भलेभले हातपाय गाळतात. राइकने पुढचा पास टाकला, मग त्याच्या पुढचा. त्याच सत्रात बफेलोने चार टचडाउन केले, त्यातले तीन राइकच्या पासवर. जादा वेळेत सामना ४१-३८ असा जिंकला. व्यावसायिक लीगमध्ये जवळजवळ तीस वर्षं एवढी पिछाडी कुणी भरून काढली नाही. योगायोग म्हणावा, तर १९८४मध्ये मेरीलँड विद्यापीठाकडून मायामीविरुद्ध ०-३१ वरून सामना फिरवणारा राखीव क्वार्टरबॅकही हाच.

मला मात्र त्याच्या आयुष्यातला पुढचा टप्पा अधिक मोलाचा वाटतो. २०१७मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्सच्या आक्रमणाचा प्रशिक्षक होता. डिसेंबरात मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झचा गुडघा दुखावला आणि संघाची धुरा निक फोल्सवर आली. २०१६मध्ये निवृत्तीच्या विचारात असलेला हा राखीव खेळाडू. मुख्य प्रशिक्षक डग पेडरसनही एकेकाळी ब्रेट फार्वचा राखीव होता. ऐनवेळी उभं राहणं म्हणजे काय, हे राइक आणि पेडरसन दोघांनीही सोसून शिकलेलं. त्यांनी फोल्सला जमतील, आवडतील अशा चालींवर भर दिला. फेब्रुवारी २०१८मध्ये ईगल्सनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४१-३३ असं हरवून आपला पहिला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. सामनावीर फोल्स.

मुख्य प्रशिक्षक म्हणून राइकला इतकं यश लाभलं नाही. इंडियानापोलिसने २०२२मध्ये आणि कॅरोलिनाने २०२३मध्ये हंगाम संपण्याआधीच त्याला काढलं. तरी २०२५मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने एका हंगामासाठी मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा तो गेला. जागा तात्पुरती आहे म्हणून काम कमी प्रतीचं होत नाही, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. राखीव माणसाला आपण संधीची वाट पाहणारा समजतो. खरं तर तो रोज पूर्ण तयारी करणारा माणूस असतो, आणि त्या तयारीचा मान त्याला खेळायला मिळण्याआधीच द्यायला हवा.