अक्षरांचे घरक्रमांक

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला घरक्रमांक द्यावा लागतो. १९६३ सालच्या 'आस्की' पद्धतीत इंग्रजी मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५. परंतु १९६४ मध्ये आयबीएमने मोठी यंत्रे आणली ती स्वतःची 'एब्सिडिक' पद्धत घेऊनच. तिथे 'ए' राहतो १९३ क्रमांकाच्या घरात!

आता गंमत पाहा. 'ए ते झेड यांच्या दरम्यान आकडा आला, तर ते अक्षर समजावे,' असे प्रोग्राम लिहिणारा सहज लिहून जातो. आस्कीत हे बिनचूक चालते. एब्सिडिकमध्ये मात्र 'आय' २०१ वर, 'जे' एकदम २०९ वर, आणि मध्ये २०८ वर चक्क महिरपी कंस! यंत्र त्यालाही अक्षर समजते. चूक झाल्याचे कुणी सांगत नाही; उत्तर तेवढे चुकते.

'पर्ल' ही १९८७ सालची संगणकभाषा. एब्सिडिक यंत्रांवर ती पूर्वी चालत असे, पुढे तो आधार खिळखिळा झाला आणि २०१५ च्या ५.२२ या आवृत्तीत पुन्हा सावरला गेला. मूठभरांसाठी हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. प्रश्न अगदीच गैर नाही. भाषेच्या मूळ मजकुरात घातलेला प्रत्येक अपवाद पुढे कुणाला तरी तपासावा लागतो, आणि असे यंत्र हाताशी असणारे थोडेच. सी प्लस प्लसने २०१७ च्या प्रमाणात अशा यंत्रांच्या सोयीची जुनी तीन-चिन्ही रीत, आयबीएमचा विरोध असतानाही, काढून टाकली.

तरीही मला वाटते, उपाय हकालपट्टीचा नाही. अपवाद जागोजागी पेरण्याऐवजी 'हे अक्षर आहे का?' हा प्रश्न एकाच ठिकाणी विचारावा आणि उत्तर त्या त्या यंत्राकडून घ्यावे.

आपल्याला हे परके वाटू नये. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली, तरी पुढे कित्येक वर्षे मराठी फॉन्टवाल्यांचे क्रमांक ज्याचे त्याचेच होते. एकाच्या फॉन्टमध्ये लिहिलेले पत्र दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांची रांग होई. माझ्याही काही जुन्या फायली अशाच मुक्या पडून आहेत.

थोड्यांची लिपी म्हणून आपल्याला कुणी वगळले असते, तर? ज्यांना जागा मिळाली, त्यांनी तरी मागे राहिलेल्यांचा घरक्रमांक पुसू नये.